नीट न घासलेला दगड

कला विद्यालयाचे संचालक फुलांचा गुच्छ घेऊन आले तेव्हा दगडबाई छापयंत्राखाली आडव्या पडून एक नट आवळत होत्या. त्यांना तिथून फक्त बूट दिसले. बूट चकचकीत होते, म्हणजे माणूस काहीतरी मागायला आला होता. काही द्यायला येणारी माणसं या गल्लीत असले बूट घालून येत नसत. खरं तर काही द्यायला कुणी येतच नसे.

"वन्सं, बघता का कोण आलंय ते?" त्यांनी खालूनच विचारलं.

"फुलं आलीयेत," वन्सं म्हणाल्या. "मागे एक गृहस्थ आहेत."

वन्सं म्हणजे दगडबाईंची नणंद. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. दगडबाई त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. दोघी मिळून हा छापखाना चालवत होत्या. जागा पूर्वी लाँड्रीची होती. छताच्या हुकांना तेव्हा लोकांचे शर्ट लटकायचे, आता ओले छापे लटकत. दारावरची पाटीही जुनीच होती: 'कसलाही डाग खात्रीने काढून मिळेल.' पाटी काढा म्हणून किती जणांनी सांगितलं. दगडबाईंनी ठेवली. लोक अजून अधूनमधून कोट घेऊन येतात आणि चित्र घेऊन जातात, असं त्या सांगत. एकदा असं घडलंही होतं.

संचालक खुर्चीवर बसले. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची निरखून पाहिली, म्हणजे शाईच्या छापखान्याचा त्यांना थोडाफार अनुभव होता. तो एवढाच होता, हे पुढे कळलं.

"मोठ्या सरांची जन्मशताब्दी आहे," ते म्हणाले.

मोठे सर म्हणजे विद्यालयाचे संस्थापक, आणि संचालकांचे सासरे. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण विद्यालयात ते सगळीकडे होते. जिन्यात अर्धपुतळा, सभागृहात तैलचित्र, कॅन्टीनमध्ये सुविचार.

"समारंभात आम्ही सरांचं चित्र दगडावरून छापणार आहोत. सगळ्यांच्या समोर, जुन्या पद्धतीने. आणि ते तुम्ही छापावं अशी आमची इच्छा आहे. शेवटी तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी."

वन्संनी चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

"असेन," दगडबाई यंत्राखालून बाहेर येत म्हणाल्या. "त्यांनी मला कधी तसं सांगितलं नाही."

"तुमच्याकडे शिळाप्रेसचा विभाग आहे ना?" वन्संनी विचारलं.

"आहे तर. विभागप्रमुख आहेत, दोन सहायक आहेत, खोली आहे, यंत्र आहे."

"मग?"

"छापता येणारं कुणी नाही," संचालक म्हणाले. ते ही गोष्ट इतक्या सहजपणे म्हणाले की वन्संनी त्यांच्या चहात आणखी चमचाभर साखर घातली.

मग त्यांनी स्मरणिकेतलं एक पान पुढे केलं. त्यात दगडबाईंचा तरुणपणीचा फोटो होता आणि खाली ओळ होती: 'मोठ्या सरांनीच प्रथम एका स्त्रीच्या हाती छापयंत्राचं चाक दिलं.'

दगडबाईंनी ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. पहिल्यांदा वाचलं होतं तेच दुसऱ्यांदाही होतं.

खरी हकीकत अशी होती की मोठ्या सरांनी चाकाचा दांडा काढून कपाटात कुलूपबंद केला होता. दगडबाई शिळाप्रेसच्या वर्गात शिरलेली पहिली मुलगी. म्हणजे मुलगी कसली, लग्न झालेली बाई. सरांचं म्हणणं, हे यंत्र बायकांच्या अंगाला झेपत नाही, बायकांनी फुलं रंगवावीत. यंत्राला काय झेपतं हे त्यांनी यंत्राला विचारलं नव्हतं. दगडबाईंनी नळ दुरुस्त करणाऱ्याकडून एक लोखंडी पाइप आणला, चाकात खुपसला आणि त्यावर सगळा भार टाकून चाक फिरवलं. यंत्र गपगुमान चाललं. वर्गातल्या पोरांनी त्या दिवशी त्यांचं नाव 'दगडबाई' ठेवलं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी सहीच्या जागी एक छोटा दगड काढायला सुरुवात केली. नाव ठेवणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचंही नाव आज कुणाला सांगता येत नाही.

"छापायचं कुठल्या दगडावर?" दगडबाईंनी विचारलं.

"तीच तर मोठी गोष्ट आहे!" संचालक खुर्चीच्या काठावर आले. "आमच्याकडे काचेच्या कपाटात एक दगड जपून ठेवलेला आहे. सरांनी स्वतःच्या हातांनी घासलेला! शेजारी फोटोही आहे, सर बाह्या सरसावून दगड घासताहेत. खाली लिहिलंय, 'श्रमाची पूजा'. त्याच दगडावर सरांचं चित्र. काय म्हणता?"

दगडबाईंनी हातातला पाना टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला.

"त्याचा एक कोपरा उडालाय का?"

"उडालाय! तुम्हाला कसं माहीत?"

"मीच उडवलाय."

आता चहा नुसता ठेवला गेला नाही, सांडला. वन्सं तो पुसायच्याही विसरल्या.

"छापते मी," दगडबाई म्हणाल्या.

संचालक गेल्यावर वन्सं बराच वेळ ओला फडका पिळत राहिल्या. "वहिनी, तो आपलाच का गं दगड?"

"तोच."

"म्हणजे मी त्यात आहे?"

"तुम्ही त्यात होता. आता आहात की नाही ते दगड सांगेल."

पन्नासेक वर्षांपूर्वीची ती गोष्ट. दगडबाईंच्या नवऱ्याला चित्रकार बायको चालत होती. चित्रकार म्हणजे उशीच्या अभ्र्यांवर फुलं काढणारी, अशी त्याची समजूत होती. घरात तो, दगडबाई आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं. वन्सं सूतगिरणीत कामाला जात, आणि घरी आल्यावर दुसऱ्या पाळीला लागत, म्हणजे स्वयंपाकाला. एके दिवशी त्या घरात आल्या, चपला काढल्या, आणि चुलीकडे न जाता खुर्चीत बसल्या. पाय लांब सोडले. हात मांडीवर टाकले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. आणि समोर बघत राहिल्या. दगडबाईंनी विचारलं, "वन्सं, काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. बसलेय."

दगडबाईंनी तीच बाई काढली. मोठा दगड, तेलकट खडू, आणि त्यावर बसलेली बाई. पायाचे तळवे पुढे, जाडजूड, भेगाळलेले. डोळे सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी त्यांनी ती मांडली.

परीक्षक तीन होते, मोठे सर धरून. ते चित्रापुढे उभे राहिले.

"ही कोण?"

"बाई आहे."

"ते दिसतंय. काय करतेय?"

"बसलीय."

"कुणाची वाट बघतेय का?"

"कुणाचीच नाही."

"मग हिच्या हातात काही का नाही? मूल, भांडं, फूल, निदान शिवणकाम?"

"म्हणूनच बसलीय," दगडबाई म्हणाल्या. "हात मोकळे झाल्यावर."

परीक्षकांना राग आला होता, पण कशाचा ते त्यांनाही नीट सांगता येईना. चित्रात काही अश्लील नव्हतं. बाई अंगभर कपड्यांत होती. फक्त ती उठायला तयार नव्हती. शेवटी शेरा पडला, 'स्त्रीसुलभ भावनेचा अभाव', आणि दगडबाई नापास झाल्या. जे चार-सहा छापे काढले होते ते फाडून रद्दीत गेले. उरला दगड.

शिळाप्रेसमध्ये दगड फेकत नाहीत. चित्र छापून झालं की वाळू आणि पाणी टाकून तो दुसऱ्या दगडाने घासतात. वरचा पातळ थर जातो, त्याबरोबर चित्र जातं, आणि दगड नव्या चित्राला मोकळा होतो. त्या विद्यालयाचा एक जुना नियम होता: ज्याचं चित्र त्यानेच दगड घासायचा. आपण काढलेलं आपणच पुसायचं, अहंकार जातो म्हणे. सरांनी हुकूम सोडला, "घासा."

"मी नाही घासणार," दगडबाई म्हणाल्या. "माझं छापून झालेलं नाही."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि दगडाला भिडले. त्याआधी दगड हिसकावताना तो टेबलाच्या लोखंडी कडेला आपटला आणि कोपरा उडाला. दोघांच्याही हातात होता, पण दगडबाई तो कोपरा आपल्या खात्यात धरत. कुणीतरी फोटो काढला. सरांनी आयुष्यात स्वतः दगड घासण्याची ती पहिली वेळ. बाकीच्या वेळी विद्यार्थी घासत. त्यामुळे एक बारीकशी गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांनी पाणी घेतलंच नाही. कोरडाच घासला, तोही मधेमधे, जोरजोरात, चहाची वेळ होईपर्यंत.

दगडबाई बघत उभ्या होत्या. पाणी घ्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. ती आठवण त्यांना अजूनही गोड वाटे.

पुढे नवरा दुसऱ्या गावी बदली घेऊन गेला आणि तिथे त्याला दुसरं घर सापडलं, माणसासकट. सामान न्यायला आला तेव्हा त्याने रेडिओ नेला. बहीण मागे राहिली. "मी वहिनीकडे राहते," वन्संनी त्याला सांगितलं, "तुला रेडिओ पुरेल." त्यांनी गिरणी सोडली आणि लाँड्रीची जागा घेण्यापासून सगळ्या उद्योगात उडी मारली. बायकांनी चालवलेला शिळाप्रेसचा छापखाना तोवर कुणी पाहिला नव्हता. शेजारपाजारच्या बायका शिकायला येऊ लागल्या, त्यांचे नवरे पाहायला येऊ लागले आणि पाहून नाराज होऊन जाऊ लागले. तिथून मोर्चांची भित्तिचित्रं गेली, बाळंतपणाच्या रजेसाठी भांडणाऱ्या परिचारिकांची गेली. एका वर्षी दिनदर्शिका निघाली, बारा महिने बारा बाया, कुणी पंप उघडतेय, कुणी छपरावर पत्रा ठोकतेय. एका दुकानदाराने ती परत पाठवली, म्हणाला, गिऱ्हाईक तारीख बघतं आणि अपमान झाल्यासारखं निघून जातं. दगडबाईंच्या चित्रांवर लिहिणाऱ्यांनी आधी त्यांना 'घरगुती' म्हटलं, मग 'आक्रस्ताळी', आणि केस पांढरे झाल्यावर 'आद्य'. त्यांच्या मते तिन्हींचा अर्थ एकच होता: चित्र न बघता लिहिलेलं.

मात्र बसलेली बाई त्यांना पुन्हा काढता आली नाही. प्रयत्न पुष्कळ झाले. वन्सं बसायला तयार असत, पण तशा बसत नसत. खुर्चीत टेकल्या की त्यांना काहीतरी आठवे, शाई झाकायची राहिलीय, कागद ओलसर झालेत. आपल्या कामाने दमलेल्या माणसाचा चेहराच वेगळा असतो, दगडबाई कुरकुरत. त्या बाईचा एकही छापा जगात नव्हता. ती असलीच तर एका काचेच्या कपाटात होती, 'श्रमाची पूजा' या पाटीखाली.

विद्यालयाच्या तळघरात कपाट उघडलं तेव्हा संचालकांनी हातमोजे घातले होते. दगडबाईंनी दगडावर फडक्याने पाणी फिरवलं आणि तो खिडकीच्या उजेडात तिरका धरायला लावला. दगड जिथे तेलकट असतो तिथे पाणी ठरत नाही. कडांना, उडालेल्या कोपऱ्याजवळ, पाण्याचे थेंब आक्रसत होते.

"हा दगड नीट घासलेला नाही," त्या म्हणाल्या.

"काय बोलताय! फोटो आहे."

"फोटोतच दिसतंय. पाण्याचं भांडं कुठाय? कोरडा घासलाय. जुनं चित्र आतच राहिलंय. नवं चित्र काढायच्या आधी दगड सौम्य आम्लाने धुवावा लागतो, नाहीतर तो खडू धरत नाही. धुतला की आतलं जुनंही जागं होईल. मला दोन दिवस द्या, नीट घासून देते."

संचालकांनी हातमोज्यातला हात छातीवर ठेवला. "बाई, या दगडावर सरांच्या हातांचा स्पर्श आहे. तो तुम्ही घासून टाकणार? शक्य नाही. जसा आहे तसाच वापरायचा."

"जुनं चित्र वर आलं तर?"

"पन्नास वर्षांनी? दगडाला काय आठवणार आहे?"

विभागप्रमुख शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. दोन्ही बाजूंना सोयीची पडेल अशी ती हलली.

दगडबाईंनी चित्र काढलं, मनापासून काढलं. तैलचित्रात सरांना लावलेली अर्धा डोकं केसांची उदारता त्यांनी काढून घेतली, पण मिशी होती तेवढी दिली, कोटावरचं पदक दिलं, कपाळ तर भरपूर दिलं. वन्सं शेजारी बसून बघत होत्या.

"एवढं चांगलं कशाला काढतेस मेल्याचं?"

"वाईट काढलं तर म्हणतील सूड घेतला. मला तेवढ्या स्वस्तात सुटायचं नाही."

दगडावर डिंक आणि आम्ल मुरवून दोघींनी चाचणीचा छापा काढला. चित्र स्वच्छ उमटलं, फक्त पदकाच्या बाजूला राखाडी सावलीसारखं काहीतरी होतं. दगडबाईंनी संचालकांना बोलावून त्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. सांगितलं होतं ते हे. ही सुरुवात आहे."

संचालकांनी छापा डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. "सुंदर! जुनेपणाचा पोत आहे हा. असाच येऊ द्या."

ते गेल्यावर वन्संनी हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांग. दगडाला पुन्हा डिंक आणि आम्ल पाजून ते दाबता येईल का?"

"येईल."

"मग?"

दगडबाईंनी खडूची टोकं डबीत भरली. "त्यांना मी सांगितलंय. एकदा नाही, दोनदा. लपवलं काहीच नाही. पण वन्सं, तिला एकदा गप्प केलंय. आता माझ्या हाताने करणार नाही. ती यायची असेल तर येईल, नसेल यायची तर मी सरांची मिशी छापून गपचूप घरी येईन आणि त्या स्मरणिकेवर चहाचा कप ठेवीन."

"आणि आली तर?"

"तर छापायचं राहिलेलं छापून पूर्ण करायचं. दुसरं काय?"

समारंभाला सभागृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे न्हाणीघराच्या फरश्या बनवणारे कारखानदार होते. दगडाशी त्यांचाही जवळचा संबंध आहे, असं त्यांची ओळख करून देताना सांगण्यात आलं. यंत्र मंचावर चढवलं होतं आणि वर कॅमेरा टांगला होता. निघणारा प्रत्येक छापा मागच्या मोठ्या पडद्यावर दिसणार होता. ही कल्पना संचालकांची.

शिळाप्रेसचं काम दोघींचं असतं. एकीने ओल्या स्पंजाने दगड पुसायचा, दुसरीने लगेच शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, चित्रावर बसते. पाणी, शाई, कागद, चाक. हुकूम एकच असतो, "पाणी". छापखाना सुरू झाल्यापासून स्पंज वन्संकडे होता.

"पाणी," दगडबाई म्हणाल्या.

पहिला छापा निघाला. पडद्यावर मोठे सर आले, पदकासह. टाळ्या पडल्या. दुसरा, तिसरा, चौथा. दर वेळी टाळ्या थोड्या कमी झाल्या, जशा त्या होतात. मग एका छाप्यावर कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं.

सरांच्या कोटावर, पदकाच्या दोन्ही बाजूंना, पायाचे दोन तळवे उमटले होते. जाडजूड, भेगाळलेले.

"पाणी."

पुढच्या छाप्यात तळवे ठसठशीत झाले. सरांच्या मिशीवर एक हात विसावला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डोक्याभोवती केसांचा अंबाडा आकार धरू लागला. सरांना टक्कल होतं, त्यामुळे तो उठून दिसला.

प्रमुख पाहुणे पुढे वाकले. "वा! सरांच्या मागे असलेली स्त्रीशक्ती दाखवलीय का?"

"मागे नाही," दगडबाई रूळ फिरवत म्हणाल्या. "खाली होती. वर येतेय."

संचालक उठून मंचाच्या कडेला आले. हसू तोंडावर तसंच ठेवून ते दातांतून बोलले, "बाई, थांबा. यंत्र बिघडलंय."

"यंत्र उत्तम आहे."

"मग हे पुसून टाका!"

"पुसल्याने जात नाही. घासावं लागेल."

"घासा मग! आत्ता!"

मागे एकदा याच आवाजात हा शब्द ऐकला होता. दगडबाईंनी रूळ खाली ठेवला. ध्वनिक्षेपक संचालकांनीच यंत्राजवळ ठेवला होता, चाकाचा आवाज प्रेक्षकांना ऐकू जावा म्हणून. त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी नाही घासणार. माझं छापून झालेलं नाही. तुम्हाला घासायचा असेल तर घासा, वाळू त्या डब्यात आहे, या वेळी पाणीही देते. फक्त एक सांगते. दोघं आता एकाच दगडावर आहेत. तिला घासलंत तर सरही जातील. आणि सरांच्या हातांचा स्पर्शही."

संचालकांनी दगडाकडे पाहिलं. दगडावर मोठे सर होते, उलटे, ओले, शताब्दीच्या दिवशी. पहिल्या रांगेत सरांची मुलगी, म्हणजे संचालकांची बायको, हाताची घडी घालून नवऱ्याकडे बघत होती. संचालकांचा हात वाळूच्या डब्यापर्यंत गेला आणि तिथून मागे आला. विभागप्रमुखांनी मान हलवायला सुरुवात केली आणि मधेच थांबवली.

"ही आहे कोण?" मागच्या रांगेतून एक मुलगी ओरडली. विद्यार्थिनी असावी, बोटं शाईची होती.

दगडबाई ध्वनिक्षेपकाकडे वळल्या. भाषण त्यांच्याकडून अपेक्षित होतंच, स्मरणिकेत तशी वेळ ठेवलेली होती.

"ही बसलेली बाई. माझं परीक्षेचं चित्र. याच विद्यालयाने नापास केलेलं. छापे फाडले, आणि मोठ्या सरांनी दगड स्वतः घासला. तो फोटो तुमच्या कपाटात आहे, तो याचाच. आज इथे मी सरांच्या उपकारांबद्दल बोलावं असं ठरलंय, तर बोलते. चाक त्यांनी मला दिलं नाही, मी पाइप घालून घेतलं, एवढी स्मरणिकेत दुरुस्ती करा. पण माझी कितीतरी चित्रं हरवली, वाळवीने खाल्ली, पुरात गेली. हे एकच चित्र पन्नास वर्षं कुलपात, काचेआड, धूळसुद्धा न लागू देता कुणी सांभाळलं असेल तर ते सरांनी आणि त्यांच्या जावयांनी. माझ्या कामाची एवढी काळजी मीसुद्धा घेतली नसती."

सभागृहात कुठूनतरी हसू फुटलं आणि ते आवरेना. शाईच्या बोटांची मुलगी उभी राहून टाळ्या वाजवू लागली. तिच्या आजूबाजूच्या उठल्या. पुढच्या रांगेतल्या काहींनी कुणीतरी आधी ठरवावं म्हणून एकमेकांकडे पाहिलं.

"पाणी," दगडबाई म्हणाल्या.

पाणी पडलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. वन्सं स्पंज हातात धरून पडद्याकडे बघत होत्या. शेवटचा छापा तिथे अजून दिसत होता. सरांनी जिथे सगळ्यात जोरात घासलं होतं तेही आता वर आलं होतं. सरांच्या कपाळावर आणखी दोन डोळे उघडले होते आणि ते सरळ सभागृहाकडे बघत होते.

"अगं वहिनी," वन्सं म्हणाल्या, "मी केवढी दमले होते गं."

"हो."

"कुणी बोललं नाही मला."

"मी दगडावर बोलले."

वन्संनी स्पंज यंत्राच्या कडेला ठेवला. मंचावर मधोमध एक मोठी खुर्ची होती, प्रमुख पाहुण्यांसाठी, हातांवर कोरीव काम केलेली. पाहुणे पडदा नीट दिसावा म्हणून खाली उतरले होते. वन्सं सावकाश गेल्या, चपला काढल्या आणि त्या खुर्चीत बसल्या. पाय लांब सोडले. हात मांडीवर टाकले.

संचालक लगबगीने जवळ गेले. आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "आजी, ही खुर्ची... तुम्ही कुणाची वाट बघताय का?"

"कुणाचीच नाही."

"मग?"

"बसलेय."

दगडबाईंनी वन्संचा स्पंज उचलला, पाण्यात बुडवून पिळला आणि दगडावरून स्वतःच फिरवला. मग रूळ घेतला. एकीला दोघींचं काम, वयही झालेलं, छापे सावकाश निघणार होते. घाई नव्हती. पहिल्या रांगेतल्या कुणालाही खुर्ची रिकामी करायला सांगायचं सुचत नव्हतं, आणि कागद अजून बराच होता.